विकास मंडळे परत आणा, हिशेब सुरू करा

३० एप्रिल २०२० रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र राज्याला साठ वर्षे पूर्ण होत होती. कोरोनाची टाळेबंदी होती, माणसे घरात कोंडलेली होती, निषेधाची सभा घ्यायचीही सोय नव्हती. मुदतवाढीचा आदेश काही निघाला नाही आणि सव्वीस वर्षे चाललेले काम मुकाट्याने बंद पडले. ते आजही बंदच आहे.

मंडळांनी असे काय दिवे लावले होते, हा प्रश्न लगेच येतो. तो टाळण्याचे कारण नाही. मंडळे धरण बांधत नव्हती, दवाखाना चालवत नव्हती, त्यांच्या हाती मोठी तिजोरीही नव्हती. त्यांचे काम वेगळेच होते. कोणत्या भागात रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांची स्थिती काय, ती राज्याच्या तुलनेत किती मागे, आणि विकासाचा पैसा कोणाच्या वाट्याला किती गेला, हे मोजून कागदावर आणायचे. हे काम सरकारच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. तांत्रिक शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांमधील संधी यांचाही तिथे उल्लेख आहे. प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वर्षातून एकदा तरी सरकारला प्रदेशवार उत्तर द्यावे लागत होते.

ही तरतूद कोणी दया म्हणून केलेली नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला महाराष्ट्रात आणताना समतोल वाटपाचा शब्द दिला होता. मराठवाडा तर कोणतीही अट न घालता आला. राज्य १९६० साली झाले, पण मंडळे उभी राहायला १९९४ उजाडले. मधल्या काळात गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी सभा, निवेदने, आंदोलने यांतून पाठपुरावा सोडला नाही. विधान परिषदेत प्रा. बी. टी. देशमुख अनुशेषाची आकडेवारी घेऊन उभे राहत. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी १९८४ मध्ये ठराव केला. तरीही राष्ट्रपतींचा आदेश निघेपर्यंत दहा वर्षे गेली. एवढ्या खटपटीने मिळालेली गोष्ट एका तारखेला संपली आणि आपण ती संपू दिली.

अनुशेष हा भाषणातला शब्द नाही, तो मोजता येतो. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये ते करून दाखवले. रीत सोपी होती. सिंचन, रस्ते, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय सेवा अशी क्षेत्रे घ्यायची. जिल्ह्यात लागवडीच्या जमिनीपैकी किती पाण्याखाली, क्षेत्रफळाच्या मानाने रस्ते किती, लोकसंख्येच्या मानाने दवाखान्यातल्या खाटा किती, हे पाहायचे. शेजारी राज्याची सरासरी मांडायची. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर तेवढी तूट भरून काढायला किती पैसे लागतील ते लिहायचे. तो झाला अनुशेष. समितीचा एकूण आकडा सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता. त्यात विदर्भ आणि मराठवाडा यांचा मिळून वाटा जवळपास ६३ टक्के.

दहा वर्षांनी, १९९४ ची स्थिती धरून राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली. आकडा सुमारे १४,००७ कोटींवर गेला होता. महागाई होतीच, मोजमापाच्या कसोट्याही थोड्या बदलल्या होत्या. पण महागाईने रक्कम फुगते, वाटा फुगत नाही. विदर्भ आणि मराठवाड्याचा वाटा ६३ वरून जवळपास ७६ टक्क्यांवर पोहोचला होता. दांडेकरांनी दुखणे दाखवून दिल्यावरही दहा वर्षांत ते बळावले होते, आणि हे कळले ते केवळ दुसऱ्यांदा मोजले म्हणून.

मोजणीचा उपयोगही झाला. २००१ च्या डिसेंबरपासून राज्यपाल या आकड्यांच्या आधारे निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा अनुशेष नावानिशी समोर आला. तो अजून पुरता भरलेला नाही. पण वाशीमचा शेतकरी ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच म्हणत बसत नव्हता. त्याच्या हातात जिल्ह्याचा आकडा होता आणि राज्यपालांचा लेखी निर्देश होता. आता यातले काय उरले आहे?

आरोग्याचेच पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. सगळा महाराष्ट्र हादरला. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण यांवर चार दिवस चर्चा झाली. एका खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि ते दृश्य घरोघर दिसले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मग कॅमेरे निघून गेले.

आपल्याकडे उत्तरदायित्वाची ही रीत पडली आहे: घटना घडली की कोणाला तरी सर्वांसमोर धारेवर धरायचे. नांदेडला हिंगोली, परभणीचे रुग्ण येतात, शेजारच्या तेलंगणातूनही येतात. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, असा रुग्णाचा प्रवास होतो. प्रत्येक पायरीवर ‘पुढे घेऊन जा’ एवढेच ऐकू येते. खालच्या पायऱ्यांवर डॉक्टरांची, परिचारिकांची किती पदे भरलेली आहेत, नवजात बालकांच्या कक्षात खाटा किती आणि बालके किती, मराठवाड्यात लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण काय आणि पुणे विभागात काय, हे दरवर्षी विधानसभेच्या टेबलावर आले असते तर तो प्रश्न मृत्यूंच्या आधी विचारता आला असता. अधिष्ठात्याच्या हाती ब्रश देऊन तो सुटत नाही.

शेजारी पाहा. मराठवाडा आणि कर्नाटकातले कलबुर्गी, बीदर, रायचूर हे जिल्हे निजामाच्या एकाच हैदराबाद संस्थानात होते. दोघांच्या मागासलेपणाचा इतिहासही एकच. त्या भागासाठी ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(जे) आणला, स्थानिकांना शिक्षण आणि नोकऱ्यांत आरक्षण दिले. कलबुर्गीला विकास मंडळ बसले आणि त्याला राज्याच्या अर्थसंकल्पातून स्वतंत्र निधी मिळतो. तिकडे तरतूद वाढत गेली. इकडे होती तीही गेली.

यात कोण्या एका पक्षाला झोडपून मोकळे होता येणार नाही. मंडळांची मुदत संपली तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते. पुढे हा विषय विधान परिषदेवरच्या बारा नामनियुक्त सदस्यांच्या नेमणुकीवरून सरकार आणि राज्यपाल यांच्यात चाललेल्या भांडणाशी जोडला गेला. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याचा घटनात्मक हक्क राजकीय सौद्यात तारण पडला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सत्तांतरानंतरच्या मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, वाजतगाजत जाहीरही केला. त्यानंतर अधिवेशनांमागून अधिवेशने झाली. मंडळे कागदावरच राहिली.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की मंडळे दात नसलेली होती: शिफारस करायची, सरकारने फाईल बाजूला ठेवायची, आणि अध्यक्षपदी राजकीय सोय लावायची. दुसरा असा की ‘उर्वरित महाराष्ट्र’ या एकाच टोपलीत पुणे आणि नंदुरबार दोन्ही टाकल्यावर सरासरी फसवी येते. दरडोई उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुणे वरच्या टोकाला, तर नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाला. पुण्याच्या आकड्याखाली नंदुरबार दडते, कोकणाचे प्रश्नही दडतात. विजय केळकर समितीने २०१३ मध्येच अनुशेषाच्या पलीकडे जाऊन समतोल विकासाची चौकट सुचवली होती. पण दुरुस्ती हवी म्हणून मोजणीच बंद करणे हा कुठला न्याय? दात नसतील तर दात बसवा.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मंडळे तातडीने स्थापन करा आणि मुदतवाढ सरकारच्या लहरीवर ठेवू नका. २०२० पासूनचा प्रदेशवार आणि जिल्हावार खर्च आधी जाहीर करा, कारण मधली वर्षे हिशेबाविना गेली आहेत. मोजणी तालुक्यापर्यंत न्या. आरोग्याच्या तक्त्यात इमारतींबरोबर भरलेली पदे, औषधांचा साठा आणि चालू असलेल्या रुग्णवाहिकाही येऊ द्या. मंडळाच्या अहवालावर विधानसभेत पूर्ण दिवस चर्चा घ्या आणि नाकारलेल्या प्रत्येक शिफारशीचे लेखी कारण द्या. अध्यक्ष आणि तज्ज्ञ सदस्य अभ्यासाने निवडा, निवडणुकीत पडलेल्यांच्या यादीतून नको.

हे आपोआप होणार नाही. १९९४ लाही झाले नव्हते. येत्या ग्रामसभेत मंडळांच्या पुनर्स्थापनेचा ठराव घ्या आणि त्याची प्रत राज्यपालांना पाठवा. आपल्या आमदारांना गाठा, कोणत्याही पक्षाचे असोत, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात या विषयावर तारांकित प्रश्न टाकणार का, एवढेच विचारा. उत्तर गावात सांगा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नियोजन विभागाकडे माहितीचा अर्ज करा: आमच्या जिल्ह्याला गेल्या पाच वर्षांत आरोग्य, सिंचन आणि रस्ते यांसाठी मंजूर किती, खर्च किती. महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून तालुक्याचा तक्ता करून घ्यावा. बाररूममधल्या वकिलांनी अनुच्छेद ३७१(२) गावात समजावून सांगावा. निवृत्त डॉक्टर, अभियंते, बँक अधिकारी यांच्याकडे वेळ आहे आणि आकडे वाचायची सवयही आहे. त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र बसावे.

पुणे, मुंबई आणि परदेशातल्या मराठी वाचकांनीही हा विषय विदर्भ-मराठवाड्याचा म्हणून सोडू नये. लातूर, बीड, यवतमाळची पोरे तुमच्या शहरांत येतात ती हौसेने नाही. त्यांच्या तालुक्यात पाणी, दवाखाना आणि रोजगार नसल्याची किंमत शेवटी दोन्हीकडे मोजावी लागते.

सरकार कोणाचेही असो, त्याने दरवर्षी सांगितले पाहिजे की पैसा कुठे गेला आणि लोकांच्या पदरात काय पडले. संविधानाने दिलेली ही सक्ती आपण हातची जाऊ दिली आहे. पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यातून किमान एक ठराव राज्यपालांकडे पोहोचला पाहिजे. तुमच्या गावाचा ठराव तुम्हीच लिहा आणि याच महिन्यात पाठवा.