३१ मेच्या आत मास्टर लिस्ट लोकांसमोर ठेवा

मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, गृहनिर्माण खाते आणि या शहरातून निवडून गेलेला प्रत्येक आमदार, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. संक्रमण शिबिरांतल्या कोणत्या खोलीत कोण राहते, कोणत्या कागदावर राहते आणि बृहत्सूचीवर, म्हणजे कायमच्या घराची वाट पाहणाऱ्यांच्या मास्टर लिस्टवर, कोण किती वर्षे ताटकळत आहे, याचा संपूर्ण हिशेब ३१ मेच्या आत लोकांसमोर आला पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी मंडळ दरवर्षी काढतेच. यंदा तिच्याबरोबर हीही यादी निघाली पाहिजे. मुदतवाढ मिळणार नाही.

बृहत्सूचीवरचा माणूस सरकारकडे दान मागत नाही. १९६८ साली बेडेकर समितीने मुंबईच्या जुन्या इमारतींचा प्रश्न मांडला, १९६९ साली कायदा झाला आणि शहर भागातल्या १९,६४२ इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. उपकर वसूल झाला आणि त्याच्या बदल्यात शब्द दिला गेला की इमारत दुरुस्त करू, दुरुस्तीपलीकडे गेली तर पुन्हा बांधून देऊ, तोवर डोक्यावर छप्पर देऊ. गिरगाव, लालबाग, भायखळा, कामाठीपुऱ्यातल्या भाडेकरूंनी वर्षानुवर्षे पैसे मोजले आहेत. मोजलेल्या पैशाचे घर मागणाऱ्याला उपकाराची भाषा ऐकवू नका.

प्रत्यक्षात होते ते असे. इमारत खचते, व्हेकेशन नोटीस लागते आणि गिरगावचे कुटुंब मागाठाण्याच्या, भायखळ्याचे मालवणीच्या संक्रमण शिबिरात जाऊन पडते. जाताना सांगितले जाते की हे तात्पुरते आहे. ज्या इमारतीचा भूखंड अरुंद असतो, रस्तारुंदीत किंवा आरक्षणात गेलेला असतो, तिथे नवी इमारत उभीच राहत नाही. मग कुटुंबाचे नाव मास्टर लिस्टवर चढते. अशा घरात पत्र्याच्या पेटीत एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात नोटिशीची पिवळी पडलेली प्रत, जुन्या मालकाच्या भाडेपावत्या, शिधापत्रिका, आजोबांचा मृत्यूदाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र असते. पावती आजोबांच्या नावावर आणि खिडकीपुढे उभा नातू. साहेब बदलले की तेच कागद पुन्हा मागितले जातात. गावाकडचा चुलता सही करत नाही म्हणून फाइल अडते, सही मिळते तेव्हा छाननी नव्याने सुरू होते. ज्याच्याकडे कागदांची थप्पी आहे त्याला ही वागणूक.

आणि त्याच शिबिरातल्या कुठल्यातरी खोलीत एकही कागद नसलेला माणूस कुलूप उघडून आत जातो. शासनाने स्वतःच या रहिवाशांचे तीन गट पाडले आहेत. मूळ भाडेकरू अ गटात, मुखत्यारपत्रावर खोली विकत घेतलेले ब गटात आणि सरळ घुसखोर क गटात. सर्वेक्षणे झाली, बोटांचे ठसेही घेतले गेले. एवढे करूनही खोल्या मोकळ्या होत नाहीत, उलट घुसखोराकडून मूळ भाडेकरूपेक्षा जास्त भाडे घेऊन त्याला तिथेच राहू दिले जाते. गुन्ह्याला पावती फाडून देण्याचा हा प्रकार ताबडतोब थांबवा. कोणत्या चाळीतली कोणती खोली रिकामी आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. ते आतल्याला कळते, आतला ते दलालाला सांगतो आणि दलाल गिऱ्हाईक आणतो. म्हणून खोली रिकामी करायची नोटीस निघेल त्याच दिवशी ती चावी कोणामार्फत गेली याची चौकशीही लागली पाहिजे. घुसखोराला बाहेर काढायचे आणि चावी विकणाऱ्याला निवृत्तिवेतन द्यायचे, हा न्याय आम्ही मान्य करणार नाही.

इथे राजकीय पक्षांना वेगळी ताकीद. या रांगेचा राग परप्रांतीयांकडे वळवण्याचा प्रयत्न दर निवडणुकीत होतो. तो यंदा करू नका. ज्या चाळींतून ही माणसे शिबिरांत आली, त्या चाळी बाहेरून आलेल्यांनीच भरल्या होत्या. लालबागला कोकण आणि घाट, कामाठीपुऱ्याला तेलंगण, भेंडी बाजारला गुजरातेतले बोहरी. कामाठीपुऱ्यातल्या तेलुगू कुटुंबाकडे भाडेपावती असेल तर त्याचा हक्क रत्नागिरीच्या माणसाइतकाच पक्का आहे, आणि फुकट घुसलेला माणूस मराठी बोलतो म्हणून त्याची खोली अधिकृत होत नाही. हक्क कागदावर ठरू द्या. जन्मगाव विचारणारा पुढारी चावी विकणाऱ्याला पाठीशी घालतो आहे, असेच आम्ही समजू.

रांग लांबण्याचे दुसरे कारण घुसखोरीपेक्षाही मोठे आहे आणि त्याबद्दल सभांमधून कोणी तोंड उघडत नाही. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली जुन्या इमारतीचा पुनर्विकास करणाऱ्या विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळते आणि त्यातून ठरलेले अतिरिक्त क्षेत्रफळ मंडळाला द्यावे लागते. मास्टर लिस्टवरच्या माणसाचे घर यातूनच यायचे असते. अनेक विकासकांनी टॉवर उभे केले, विकले, आणि ही घरे दिलीच नाहीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही कोणाकडे किती चौरस मीटर बाकी आहे, हे साध्या रहिवाशाला एका कागदावर पाहायला मिळत नाही. त्या थकबाकीदारांची नावे यादीत पहिल्या पानावर हवीत. बाकी द्यायची नसेल तर त्याच विकासकाच्या पुढच्या प्रकल्पाला परवानगी कशी मिळते, याचेही उत्तर द्या.

ही निव्वळ घरांची गोष्ट असती तर एवढ्या कडक शब्दांत लिहिले नसते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारत पडली, बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमध्ये भानुशाली. दरवेळी मंत्री ढिगाऱ्याजवळ आले, मदत जाहीर झाली आणि वाचलेल्यांनाच सुनावले गेले की तुम्ही वेळेत घर का सोडत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. शिबिरात गेलेला शेजारी परत आलेला लोकांनी पाहिलेला नाही. तुळईला टेकू लावून, पाऊस सुरू झाला की मुलांना नातेवाइकांकडे झोपायला पाठवून माणसे त्याच घरात राहतात, कारण बाहेर पडले की नाव यादीत हरवते. यादी पुढे सरकत नाही म्हणून लोक मरणाच्या छायेत राहतात. यंदा एखादी इमारत पडली आणि आत थांबलेले कुटुंब गेले, तर ते हट्टाने मेले असे म्हणायची सोय आम्ही तुम्हाला ठेवणार नाही.

तेव्हा ३१ मेच्या आत शिबिरनिहाय, खोलीनिहाय यादी प्रत्येक शिबिराच्या फलकावर लावा. बृहत्सूची ज्येष्ठतेच्या क्रमाने छापा आणि एखादे नाव डावलून मागचे पुढे गेले असेल तर त्याचे कारण समोर लिहा. क गटाची सुनावणी घ्या, पावसाळा संपताच खोल्या रिकाम्या करा आणि रिकामी झालेली प्रत्येक खोली कोणाला दिली ते त्याच फलकावर नोंदवा. ब गटातल्या लोकांनी पैसे मोजलेले आहेत. त्यांच्याबद्दल काय तो निर्णय एकदाचा लेखी द्या, लटकत ठेवू नका.

हे झाले नाही तर १ जूनपासून प्रत्येक शिबिरातून माहितीच्या अधिकारात अर्ज दाखल होतील, खोलीगणिक एक. आलेली उत्तरे आणि न आलेली उत्तरे दोन्ही जोडून जनहित याचिका उच्च न्यायालयात जाईल आणि त्यात पदाबरोबर अधिकाऱ्यांची नावेही असतील. वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनासमोर कागदांच्या याच पिशव्या घेऊन लोक बसतील आणि यादी हातात पडेपर्यंत उठणार नाहीत.