बॅटरी नवी, दुखणं जुनंच

दिवाळीला आठवडाभर गावी राहून कुटुंब परत येतं. सोमवारी सकाळी मुलांची शाळा, साहेबांचं ऑफिस, बाईंची बँक, सगळ्यांचीच घाई. गाडीची किल्ली फिरवावी, तर नुसता 'टक' असा आवाज येतो आणि समोरचे दिवेही मालवतात. शेजारचे दोघे-तिघे धावून येतात, धक्का मारतात, गाडी कशीबशी सुरू होते. संध्याकाळी कोपऱ्यावरचा मेकॅनिक बॉनेट न उघडताच निदान करतो, "बॅटरी गेली, नवी टाका." चार हजारांच्या घरात पैसे मोजून नवी बॅटरी येते. पुढच्या महिन्यात गाडी चार दिवस उभी राहते आणि पुन्हा तोच 'टक'!

जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाही. मारुती ८०० आणि अँबॅसडर, दोन्हींचं उत्पादन २०१४ साली थांबलं. पण कित्येक घरांच्या दारात त्या अजून उभ्या आहेत. त्यांच्याबाबतीत मेकॅनिकचा शब्द प्रमाण मानण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. बॅटरी खराब झाली आहे, की तिच्यातली वीज कुठे तरी जाते आहे?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखाच हा प्रकार आहे. टाकी सकाळी रिकामी दिसली, तर ती फुटलेली असेल, पंप नीट भरत नसेल किंवा रात्रभर एखादा नळ ठिबकत असेल. नळ ठिबकतोय म्हणून कोणी टाकी बदलत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

गाडी बंद असतानाही घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी थोडी वीज घेतच असतात. ही गळती साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल, तर काळजी नाही. आता डिकीतल्या ५ वॅटच्या चिमुकल्या दिव्याचा हिशेब पाहा. झाकण लावल्यावरही तो विझला नाही, तर सुमारे ०.४ अँपिअर वीज खातो, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ १० अँपिअर-अवर. मारुती ८०० सारख्या लहान गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. तिसऱ्या दिवशी सेल्फ फिरला नाही, तर नवल काय? दिवा विझतो की नाही हे पाहायचं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा आणि झाकण क्षणभर लावा.

पण जुन्या गाडीतला खरा चोर बहुतेक वेळा कंपनीने बसवलेला नसतोच. हौसेने लावलेली म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉकिंग, फॉग लाइट, दोन सुरांचा हॉर्न यांच्या तारा अनेकदा थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. त्या पकडायला मल्टिमीटर हवा. तो काही शे रुपयांत मिळतो. किल्ली काढा, दारं लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मीटर १० अँपिअरच्या मापावर ठेवून ती तार आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका किंवा हेडलाइट लावू नका, नाही तर मीटरचाच फ्यूज उडेल. आकडा जास्त दिसला, तर एकेक फ्यूज काढून पाहा. जो काढताच आकडा खाली येईल, त्याच वाटेवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही गळती थांबली नाही, तर ती अशा थेट जोडलेल्या तारेतून किंवा अल्टरनेटरच्या बिघडलेल्या डायोडमधून होत असणार. तिथून पुढे मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनलाच बोलवावं.

हाच मीटर पंपाचीही परीक्षा घेतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले, तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली असेल, तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवा. तो चढतच नसेल, तर आधी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जास्त दबला, तर तो सैल आहे. याउलट आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीतलं पाणी भराभर आटणार. डायनॅमो असलेल्या जुन्या फियाटची गोष्ट थोडी वेगळी. सिग्नलला इंजिन मंद चालत असताना डायनॅमो फारसं चार्जिंग करतच नाही. रोज दोन किलोमीटरवरच्या भाजी मंडईपर्यंतच गाडी नेली, तर कोणतीही बॅटरी उपाशीच राहते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवायला हवी.

कधी कधी बॅटरी ठणठणीत असते आणि दोष टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट भुकटीचा असतो. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने ती घासावी, मात्र सेलची झाकणं घट्ट लावलेली असावीत. साफ पाण्याने धुऊन कोरडं करावं, तारा घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तरी सेल्फ रडतच फिरतो. हे सगळं ठीक असूनही नुसता 'टक' होत असेल, तर सेल्फचे कार्बन झिजले असण्याची शक्यता आहे.

या कामाला हात घालण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना किंवा बांगडी एकाच वेळी पॉझिटिव्ह टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर क्षणात लाल होऊन हात भाजतो. म्हणून निगेटिव्ह तार आधी काढायची आणि सर्वांत शेवटी लावायची. पाण्याची पातळी पाहायला काडी किंवा लायटर तर चुकूनही पेटवू नका. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन भडकतो. पाणी डिस्टिल्डच घालावं. फिल्टरचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी वापरण्याची काटकसर इथे महागात पडते.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची वेळ आलीच, तर लाल तार पॉझिटिव्हपासून पॉझिटिव्हला जोडा. काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. धक्का मारायचाच, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर. इंजिन बंद असताना सर्वो ब्रेकला मदत मिळत नाही आणि पेडल दगडासारखं कडक होतं. मुलांना, वयस्कर माणसांना धक्क्याला लावू नये.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल आणि लोड टेस्टमध्ये नापास झाली असेल, तर ती जरूर बदला. जुनी दुकानदारालाच परत द्या, किमतीत सूटही मिळते. भंगारात जाऊन ती उघड्यावर फोडली गेली, तर आतलं शिसं आसपास खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातं. नवी बसवून झाली, की तिथेच इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजायला सांगा आणि तो आकडा वॉरंटी कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा.