बिबट्याला निवारा, मग माणसाला दोरखंड का?

जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी पिंजरा येतो, पशुवैद्य येतो, वाहन येते. हे योग्यच आहे. परंतु त्याच तालुक्यात मनाचा तोल ढळलेल्या माणसाला अपरात्री रुग्णालयात आणले, तर त्याच्या वाट्याला काय येते? बहुधा दोरखंड, पोलिसांचा धाक आणि 'येरवड्याला न्या' हा शेरा! जुन्नरहून येरवडा नव्वदएक किलोमीटर. तिथपर्यंत त्या जिवाने आणि त्याच्या आईने काय करायचे?

कायदा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. जीवितास धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही. शारीरिक रुग्णाला जशी रुग्णवाहिका मिळते, तशीच मनोरुग्णालाही मिळाली पाहिजे. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी जखडलेले 28 रुग्ण आगीत होरपळून मेले. त्यानंतरही दोरखंडालाच उपचार मानायचे काय?

विषप्राशन केलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. पोट धुतले, सलाईन लावले, चार दिवसांनी घरी धाडले. विष उतरले, पण ज्या निराशेने बाटली हाती दिली, तिचे काय? आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे कायदाच गृहीत धरतो आणि त्याच्या उपचाराचे व पुनर्वसनाचे दायित्व शासनावर टाकतो. ते दायित्व कागदावरच राहणार असेल, तर कायदा केला कशासाठी?

आंबेगाव तालुक्याने 30 जुलै 2014 रोजी माळीण गमावले. डोंगर कोसळला, 151 जीव गेले. समाज धावून गेला, 2017 साली नवे गावही उभे राहिले. घरे मोजता येतात, म्हणून ती बांधली जातात. पाऊस लागला की ज्यांच्या उरात धडकी भरते, त्यांची नोंद कोणत्या वहीत होते?

काही जण म्हणतात, हे शहरी चोचले आहेत. त्यांनी चरकसंहिता उघडावी. उन्मादाच्या चिकित्सेवर तेथे स्वतंत्र अध्याय आहे. मनाला अहितापासून आवरणारी 'सत्त्वावजय' चिकित्सा तेथे सांगितली आहे. मनोरुग्णाला औषध व धीर देणे ही आपलीच परंपरा आहे. त्याला कोंडणे हा तिचा विसर आहे.

मागणी साधी आहे. मंचर, घोडेगाव, जुन्नर व नारायणगाव येथील शासकीय रुग्णालयांतील प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण मिळावे. ही मेहेरबानी नव्हे, शासनाचे वैधानिक कर्तव्य आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञ उपलब्ध करण्यासाठी कायद्याने दिलेली दहा वर्षे 2028 मध्ये संपतात. विषप्राशनाच्या रुग्णाची मानसिक तपासणी झाल्याविना त्याला घरी पाठवू नये.

आणि समाजाचे काय? 14416 हा 'टेलिमानस'चा क्रमांक प्रत्येक वस्तीत लावणे, घरी परतलेल्या रुग्णाची विचारपूस करणे, त्याचे औषध चुकू न देणे, यासाठी कोणत्या शासन-आदेशाची वाट पाहायची? आपत्तीत धावणारा कार्यकर्ता मनाच्या आपत्तीतही धावला पाहिजे. तिथे ढिगारा दिसत नाही, एवढाच काय तो फरक!