लपविणाऱ्याचा गुन्हा
प्रेतें उठून जिवंतांस चावतात अशा मालिकांत एक प्रसंग ठरलेला: कोणी तरुण सोबत्यास झालेला दंश लपवितो, आणि आमचे रसिक त्यास पापी ठरवून मोकळे होतात. हा न्याय उथळ आहे. मुंबईनें १८९६ सालीं हेंच भोगलें. मांडवींत प्लेग प्रकटतांच घरोघर रोगी दडविले गेले. कारण अधिकारी त्यांस सक्तीनें रुग्णालयांत नेत. ऑक्टोबरांत आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणीकामगार चालून गेले ते याच धास्तीनें. आईचा ताप झांकणाऱ्या मुलास शेजाऱ्याचें मरण जन्मभर बोचलें असेल. वस्तुतः रोग पसरवीत होत्या उंदरांवरील पिसवा, हें फ्रेंच वैद्य सिमाँ यांनीं १८९८ सालीं दाखविलें. खरें बोलण्याची शिक्षा ताटातूट असेल, तर खोटें शिकविलें कोणीं? जाब त्या सत्तेनें आधीं द्यावा.