बिल्ला घरचा, ब्रेक कंपनीचा

कुंभकोणमच्या माणसाला फटफटी स्वतःच्या हातानं सजवायची हुक्की आली, तर कारागिरी शोधायला लांब जायला नको. शेजारच्या स्वामिमलईत मूर्तिकार आधी मेणाचा नमुना करतात, त्यावर कावेरीकाठच्या मातीचे लेप देतात, साचा तापवून मेण काढून टाकतात आणि पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. याच रीतीनं टाकीवरचा बिल्ला घडवला, तर तशी गाडी दुसऱ्या कुणाकडे दिसायची नाही!

पण हौस बिल्ल्यापाशीच थांबवावी. ओतीव पितळात हवेचा बुडबुडा राहिला, तर समईचं काही बिघडत नाही. ब्रेकच्या दांडीत राहिला, तर ती ऐन वेळी मोडते. सांगाडा कापणं किंवा कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणं याला तर कायद्याचीच आडकाठी. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि हो, आरसी बुकात गाडीचा रंगसुद्धा नोंदलेला असतो.