‘व्हाइस सिटी’त गोळीबार ऐकू येतो, पण रेडिओ मुका? फॉरमॅट मारण्याची घाई नको

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या सायबर कॅफेंमध्ये तासाचे पैसे मोजून ‘जीटीए व्हाइस सिटी’ खेळलेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. 2003मध्ये कॉम्प्युटरवर आलेला हा गेम आजही घरच्या लॅपटॉपवर हौसेने टाकला जातो आणि तक्रारही जुनीच असते. गाडी पळते, गोळ्या ऐकू येतात, पण रेडिओ गप्प आणि पात्रांचे नुसते ओठ हलतात. मग ड्रायव्हर बदला, स्पीकर बदला, शेवटी ‘विंडोज मारून घ्या’. हा खर्च बहुतेक वेळा फुकट जातो.

स्पीकर बिघडला असता, तर गोळ्याही ऐकू आल्या नसत्या. गेमच्या ‘ऑडिओ’ फोल्डरमध्ये इंजिन, गोळीबार असे छोटे आवाज ‘एसएफएक्स’ नावाच्या फाइलमध्ये एकत्र असतात. प्रत्येक रेडिओ स्टेशनची मात्र वेगळी ‘एडीएफ’ फाइल असते आणि संवादांच्या फाइल्स आणखी वेगळ्या. एडीएफ म्हणजे थोडी झाकलेली एमपी3च. साध्या प्लेअरवर ती वाजत नाही, म्हणून खराब समजून उडवू नका.

खरी मेख आहे ती हातोहात फिरलेल्या ‘रिप’ कॉपीत. गेमला किमान 915 एमबी जागा लागते, असे त्याच्या अधिकृत गरजांत लिहिलेले होते. तोच गेम 250 एमबीत मिळाला, तर काहीतरी कापलेले असणारच, आणि कापायला सर्वांत सोपे असतात ते रेडिओ आणि संवाद. जी फाइल मुळात नाहीच, ती कुठलेही सेटिंग कशी वाजवणार?

खात्री करायची असेल, तर गेमच्या ‘एमपी3’ फोल्डरमध्ये आपले एखादे गाणे टाका आणि गाडीत बसून रेडिओ बदलत जा. (अनेकांच्या व्हाइस सिटीत हिंदी-मराठी गाणी वाजत ती याच सोयीमुळे.) आपले गाणे वाजले आणि बाकी स्टेशन्स गप्प राहिली, तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे, फाइल्स गायब आहेत.

काहीच ऐकू येत नसेल, तर गोष्ट निराळी. 2007च्या विंडोज व्हिस्टापासून आवाज हाताळण्याची पद्धत बदलली आणि साउंड कार्डवर थेट विसंबणारे जुने गेम अडखळू लागले. अशा वेळी ऑडिओ सेटिंगमध्ये ‘माइल्स फास्ट 2डी’ हा साधा पर्याय निवडून पाहावा.

‘एमएसएस32.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश आला, तर मात्र सर्चमध्ये दिसेल त्या साइटवरून ती फाइल उतरवू नये. ती गेमच्याच साउंड यंत्रणेचा भाग आहे, त्यामुळे मूळ कॉपी पुन्हा इन्स्टॉल केली की परत येते. अनोळखी डीएलएलबरोबर व्हायरस आला, तर त्याच लॅपटॉपवरचे नेटबँकिंग धोक्यात येते. गेममधल्या गाण्यापायी एवढी जोखीम कशाला?

आणि फक्त मायकल जॅक्सनची गाणी गायब असतील, तर काहीच बिघडलेले नाही. परवान्याच्या अडचणीमुळे नंतरच्या अधिकृत डिजिटल आवृत्तीतून ती काढूनच टाकली आहेत.