तारापूरच्या नळांवर शेवटचा हात कुणाचा?

प्रति,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया,
अणुशक्तीनगर, मुंबई



तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागले. २०२० साली ते बंद करून, अणुभट्टीत पाणी फिरवणारे जुने नळ काढून नवे बसवण्याचं काम तुमच्या संस्थेनं हाती घेतलं. पन्नाशी ओलांडलेलं यंत्र मोडीत न काढता नीट दुरुस्त करावं, हे मला मनापासून पटतं. उभं आयुष्य यंत्रशाळेत गेलं, म्हणून त्या नळांच्या पृष्ठभागाबद्दल लिहितो आहे.

स्टेनलेस स्टीलच्या अशा नळांना चीर जायला सहसा तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: धातूत उरलेला ताण, वेल्डिंगच्या उष्णतेनं कणांच्या सीमांवर कमी झालेलं क्रोमियम आणि ऑक्सिजन असलेलं, खूप तापलेलं पाणी. कार्बन कमी केला की क्रोमियमचा प्रश्न बराचसा सुटतो, म्हणून चांगल्या पोलादावर सगळ्यांचा भर असतो. पण जपाननं याची दुसरी बाजू पाहिली आहे. तिथे अणुभट्टीच्या गाभ्याभोवतीच्या कवचांना कमी कार्बनच्या पोलादातही चिरा गेल्या. यंत्रकाम आणि ग्राइंडिंगनं कडक झालेल्या वरच्या थरातून त्या सुरू झाल्या होत्या. २००२ मध्ये चिरांच्या नोंदी दडवल्याचं उघड झालं आणि एप्रिल २००३ पर्यंत टोकियोच्या वीज कंपनीला आपल्या सतराही अणुभट्ट्या थांबवाव्या लागल्या. तुमच्या शेजारी ट्रॉम्बेलाही भाभा केंद्रातल्या धातुशास्त्रज्ञांनी यंत्रकामानं बदललेला पृष्ठभाग किती लवकर चिरतो, यावर संशोधन केलं आहे.

माहीमच्या समुद्राकाठच्या इमारतींत स्टीलच्या कठड्यांवर तांबूस डाग आधी कुठे पडतात ते पाहावं. जिथे वेल्डिंग करून घाईनं ग्राइंडर फिरवलेला असतो, तिथे. अणुभट्टीतली चीर वेगळी, पण खडबडीत, ताणलेली त्वचा दोन्हीकडे घातकच. ग्राइंडरचं चाक जोरानं दाबलं की वरचा थर तापून फुगतो, खालचा थंड धातू त्याला पसरू देत नाही, आणि निवताना तोच थर ताणात अडकतो. जॉब डोळ्यांना चकचकीत दिसतो. तपासणीसाची सहीही होते.

यावर उपाय आहेत. पीनिंगमध्ये बारीक छर्रे, पाण्याचा वेगवान झोत किंवा लेझरचे ठोके मारून वरचा थर दाबात आणतात. दाबात असलेल्या धातूत चीर सहसा सुरूच होत नाही. जपानी अभियंत्यांनी हे पाण्याखाली, वापरातल्या अणुभट्ट्यांत केलं आहे. नळाचा आतला भाग हाताशी नसतो. तिथे आतून थंड पाणी सोडून बाहेरून शेवटचे थर वेल्ड केले, तर आतली बाजू दाबात जाते. मात्र आधीच गेलेली चीर पीनिंगनं मिटत नाही, आणि पीनिंगनंतर कुणी पुन्हा ग्राइंडर लावला तर सगळी मेहनत वाया.

म्हणून मागणी अशी: प्रत्येक सांध्यावर शेवटचं चाक कोणतं फिरलं, ते किती बारीक होतं, त्यानंतर कोणती प्रक्रिया झाली आणि उरलेला ताण मोजला का, याची नोंद वेल्डच्या क्ष-किरण चित्राइतकीच सक्तीची करा. ती लोकांना पाहायला मिळू द्या. वेल्डरची परीक्षा घेता, तशीच ग्राइंडर चालवणाऱ्याचीही घ्या. तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो आणि 'लवकर साफ कर' एवढंच त्याला सांगितलं जातं. चिरेचं कारण त्याला कुणी समजावलं, तर तो हात आवरेल. मी अशा कामगारांबरोबर काम केलं आहे, त्यांच्या हातांवर माझा विश्वास आहे.

या पत्राचं उत्तर कृपया मराठीत द्यावं, म्हणजे तारापूरजवळच्या बोईसरला ठेकेदाराकडे ग्राइंडर चालवणाऱ्या मुलांनाही ते वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त यंत्रशाळा पर्यवेक्षक
माहीम, मुंबई